निरोगी रक्त

माझ्या धाकट्या बहिणीचे सांधे दुखायचे, बारीक ताप यायचा, जिना चढताना धाप लागायची. इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि आईला म्हणाले, "लग्न लावून द्या, सगळी नाटकं थांबतील." गालांवर पुरळ येऊन ल्युपस नावाचा रोग कळला तोवर मूत्रपिंडं निकामी झाली होती. मागोमाग तीही गेली.

मी डॉक्टर झाले आणि हट्टाने त्याच माणसाच्या विभागात नोकरी धरली. या रोगात शरीराचे राखणदारच घरावर उलटतात. त्या राखणदारांपैकी ‘बी’ नावाच्या रक्तपेशींवरच्या खुणा वाचून पुरळ येण्याआधीच रोग ओळखायचा, हे माझं संशोधन. लोक म्हणत, केवढी विज्ञानाची आवड! आवड कसली डोंबलाची. मला त्या माणसाला खोटं पाडायचं होतं.

"बाईंचं ज्योतिष कुठवर आलं?" ते बैठकीत विचारायचे. सगळे हसायचे आणि मी दातओठ खायचे.

तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं. ते कमी पडलं की विभागातल्याच कुणीतरी बाही वर करायची, ही आमची रीत. या वेळी त्यांनी आमच्याकडेच शिकाऊ डॉक्टर असलेल्या आपल्या लेकीला पुढे केलं. "घ्या हिचं. दगड पचवेल पोरगी!"

यंत्रातून पेशी गेल्या आणि पडद्यावर नको त्या कोपऱ्यात, रोग्यांच्या पेशी पडतात तिथेच, ठिपक्यांची दाटी झाली. नव्याने रंग घालून पुन्हा पाहिलं. तेच.

मला आनंद झाला. त्याची लाज तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही. नुसतं गप्प बसायचं होतं, पुढचं काम रोगानेच केलं असतं. त्यांच्या घरातलं रडणं मी खुर्चीत बसून मनातल्या मनात चवीने ऐकलं.

तेवढ्यात तीच आली. "ताई, पास झाले ना मी?" बोलताना बोटांचे सांधे चोळत होती.

"दुखतात?"

"सकाळी फार. बाबा म्हणतात, मोबाइल कमी कर."

माझं डोकंच फिरलं. या माणसाने पोटच्या पोरीबाबतही तेच केलं होतं! मी तिला समोर बसवून सगळं सांगितलं. लघवी तपासली, तर प्रथिनं जेमतेम झिरपायला लागली होती. मूत्रपिंडं वाचणार होती.

उपचार ठरवायला बसलो तेव्हा मोठे डॉक्टर धापा टाकत आत आले. "सरका तुम्ही. माझ्या मुलीचं मी बघतो."

"नको बाबा," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा. माझ्या डॉक्टर या आहेत."

ते बाहेर जाऊन रुग्णांच्या नातेवाइकांच्या बाकावर बसले. मी उठले आणि सावकाश दार लावून घेतलं.