वरवंट्याचे पाच मार्क

रंगराव सरांनी डोंगर पाहिला तो बहुतेक एसटीच्या खिडकीतून. तरी त्यांनी डोंगरातल्या माणसांवर सव्वातीनशे पानांची कादंबरी लिहिली, ती गाजली, विद्यापीठाने बी.ए.ला लावली आणि वाशीमभर सर 'डोंगराचा आवाज' म्हणून मिरवू लागले. आपला आवाज आपल्याच घरात स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, असं ते भाषणात सांगत, आणि लोक त्याला विनय समजून टाळ्या वाजवत.

'डोंगर निजला'चं सगळं बळ शेवटच्या प्रकरणात होतं. मेडशीच्या वरच्या अंगाला, घाटातल्या बारा घरांच्या वस्तीवर मिक्सर येतो. त्याच दिवशी गोजराबाई आपला जुना वरवंटा धुते, त्याला तेल लावते, कापडात गुंडाळून पाळण्यात निजवते आणि घळाघळा रडते. इथे एक संस्कृती मेली, असं समीक्षकांनी लिहिलं. सरांनी यातलं काहीच मनाचं घातलं नव्हतं, बाईचं नावसुद्धा. चोवीस वर्षांपूर्वी हे सगळं त्यांनी दारात उभं राहून पाहिलं होतं. शेवटची गाडी चुकेल म्हणून ते दारातूनच परतले होते, एवढंच.

आता तिसरी आवृत्ती निघायची होती आणि मुखपृष्ठावर खऱ्या गोजराबाईचा फोटो हवा होता. पण फोटो हे निमित्त. पुण्याने वाहवा केली, नागपूरने शाल दिली. ज्यांच्यावर लिहिलं त्यांच्यातल्या एकाने तरी 'खरं लिहिलं' म्हणावं, याची सरांना इतकी वर्षं भूक होती. म्हणून ते या हिवाळ्यात पुस्तक घेऊन घाट चढले.

गोजराबाई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली तिची नात वैभवी शेजारी तान्ह्या लेकीच्या झोळीची दोरी ओढत होती. सरांनी शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं. कुठे आवाज कापरा करायचा हे त्यांना पाठ होतं.

"कोन मेलं म्हंता?" गोजराबाईने विचारलं.

"संस्कृती."

"अरे देवा! कोनाची पोरगी व्हती?"

म्हातारी खरंच विचारते आहे की टोपी उडवते आहे, हे सरांना कळेना. तेवढ्यात तीच हसत सुटली.

"अवो सर, ते त हिचं बारसं व्हतं! या वैभवीचं! लेकराच्या आंधी पाळन्यात वरवंटा घालतेत. तुमाले माईत नाई?"

सर आयुष्यात पन्नासेक बारशांना गेले होते. पण पुरुषमाणूस पोचतो तो पंगतीच्या वेळेला. पाळण्याभोवती काय चालतं ते त्यांनी कधी डोकावून पाहिलं नव्हतं.

"पण तुम्ही रडत होतात," बुडत्याने काडी धरावी तसं त्यांनी ते रडणं धरलं.

"रडीन नाई त काय करीन? पोरानं नवा मिक्सर आनला. म्या त्यात लाल मिरची टाकली न् झाकन लावाचं भुलली. सारी वस्ती ठसकून राह्यली व्हती!"

वैभवीही हसली, आणि मग एकदम थांबली.

"आमाले व्हतं तुमचं पुस्तक, सर. पाच मार्काचा प्रश्न आला, वरवंटा कशाचं प्रतीक आहे. मी आजीले इचारून ठेवलं व्हतं. बारशाचं, असं लिवलं. झिरो भेटला. तीन मार्कानं नापास झाली मी, अख्खं साल गेलं."

"मग?"

"मंग दुसऱ्या खेपेले मीबी संस्कृती मारली. चार भेटले."

त्या विषयाचे पेपर विद्यापीठ सरांकडेच तपासायला देई. तो पेपर त्यांना आठवत होता. पेपरावर नाव नसतं, नंबर असतो. त्या उत्तराशेजारी लाल शाईने 'ग्रामीण जीवनाची जाण नाही' असा शेरा त्यांनीच मारला होता, आणि तपासणीच्या खोलीत तो मोठ्याने वाचूनही दाखवला होता. चहा येईपर्यंत सगळे हसत होते.

गप्प राहिले असते तर कुणाला कळलं नसतं.

"वैभवी, तो झिरो मीच दिला होता."

वैभवीने वर पाहिलं. दोरी थांबली. गोजराबाईने सुपातले दाणे चाळवले आणि म्हणाली, "परवा इच्या लेकीचं बारसं हाय. येजा. पन पंगतीच्या टायमाले नाई, सकाळीच येजा."

दुसऱ्या दिवशी प्रकाशक फोनवर ओरडला, "ते प्रकरण काढलं तर पुस्तकात उरलं काय?" प्रश्न रास्त होता. तरीही काढायचं, असं सांगून सरांनी फोन ठेवला.

बारशाला ते पहिल्या गाडीने गेले. आत वीसेक बाया होत्या आणि सगळ्यांना सगळं कळलेलं दिसत होतं. गोजराबाईने टोपडं घातलेला वरवंटा सरांच्या हातांत दिला. कादंबरीत त्यांनी त्याला फुलासारखा म्हटलं होतं. त्यांची मनगटं वाकली.

"सर, पाच मार्काचा प्रश्न," वैभवी म्हणाली. "हा आंधी कायले घालतेत पाळन्यात?"

सरांच्या तोंडात वर्षभर पुरतील इतकी उत्तरं आली. ती सगळी त्यांनी गिळली.

"मला माहीत नाही."

"लेकरू याच्यावानी टनक रावं, लय जगावं म्हनून."

जगावं म्हणून! आणि आपण त्याच्यावर मरण लिहून बसलो, सव्वातीनशे पानं खर्चून. सरांना भडभडून आलं. या वेळी घरात मिरचीही नव्हती.

"रडू नका, सर. दारातून कोनी पाह्यलं त पुस्तक लिहीन," वैभवी म्हणाली. बाया खदखदल्या. मग तिने हळूच सांगितलं, "पाचातून एक देते. खरं बोलले म्हनून."

सरांनी तो एक मार्क घेतला आणि वरवंटा जपून पाळण्यात ठेवला.