शलाका : खाली

शलाका पागनीसच्या बुडाला स्थैर्य नाही, हे ती बालवाडीत असल्यापासूनच घरात ठरून गेलं होतं. भाजी चिरायला बसली की अर्ध्या दुधीवर उठायची. अभ्यासाचं पुस्तक उघडलं की पेन्सिलीला टोक, टोकाचा कचरा, कचऱ्यासाठी सुपली, आणि सुपली घेऊन अंगणात गेलेली पोरगी तासाभरानं शेजारच्यांच्या कुत्र्याला आंघोळ घालताना सापडायची. तिचे बाबा, गजाननराव, गणिताचे मास्तर म्हणून रिटायर झालेले. त्यांचं एकच वाक्य असे : "एक ना धड, भाराभर चिंध्या."

बरं, त्यात खोटं तरी काय होतं? तिशी गाठेपर्यंत तीन नोकऱ्या झाल्या नि तिन्ही गेल्या. ही चौथी, इंदूरच्या विजयनगरातल्या एका बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर. सहा महिने बघू, मग पक्कं करू, असं बोलणं झालेलं, आणि आता सहावा महिना चालू होता. आधीच्या नोकऱ्या गेल्या तेव्हा शलाकाला विशेष काही वाटलं नव्हतं. ही मात्र तिला मनापासून आवडत होती, हीच तर पंचाईत होती.

काम असं की मिक्सर, कूलर, पंप असल्या वस्तूंबरोबर खोक्यात जो सूचनांचा कागद येतो, तो कारखान्यातून हिंदीत यायचा. शलाकानं त्याचं मराठी करायचं, की तो कागद निघाला महाराष्ट्रात. आता दोन ओळी सलग बसून वाचणं हे काही तिच्या नशिबात नव्हतं. म्हणून ती आपली वस्तूच उचलून आणायची आणि कागदात सांगितलंय तसं करून बघायची. कुकरचा कागद आला तेव्हा तिनं ऑफिसच्या पॅन्ट्रीत खिचडी लावली. पाणी किती घालायचं तेच लिहायचं राहिलंय, हे तिला तिथंच कळलं. खिचडी सगळ्यांनी ओरपली, पण त्याला काम कुणी म्हटलं नाही. शलाकानंसुद्धा नाही. तिला वाटायचं, आपली खोड आहे, कशीबशी झाकतोय झालं.

आणि मग ते सॉफ्टवेअर आलं. ऑफिसचे मालक यशवर्धन सर. त्यांचे पूर्वज म्हणे होळकरांच्या घोडदळात होते, त्यामुळे सुस्त माणूस दिसला की सरांच्या अंगाची लाही होई. एरवी माणूस दिलदार. बोलणं घरातलं मराठी, पण तेही निम्मंशिम्मं हिंदीच. त्यांनी मोठ्या हौसेनं भिंतीवर टीव्ही लावला. त्यावर सगळ्यांची नावं. माउस हलत असला की नावापुढं हिरव्या अक्षरांत 'काम चालू'. जरा वेळ थांबला की लाल अक्षरांत 'खाली'. इंदुरात बिनकामाच्या माणसाला खाली म्हणतात. "भिया, खाली बैठे हो क्या?" हे इथं चौकाचौकात ऐकू येतं.

पहिल्या दिवशी सबंध दुपारभर टीव्हीवर लाल झळकत राहिलं : 'शलाका : खाली'.

"शलाकाजी," सर जाता जाता म्हणाले, "असं कसं चालेल? महिनाअखेरीला मी हेच बघणार ना."

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीला खिळली. उजवा हात माउसवर आणि डोळे टीव्हीवर. चहासुद्धा डाव्या हातानं प्यायची. जन्मात पहिल्यांदा तिचं लक्ष एका जागी लागलं. पण लागलं कुठं, तर टीव्हीवर! आठवड्याभरात तिचं नाव सगळ्यांच्या वर गेलं. बाबांनी जिलबी आणली. शलाकानं ती खाल्ली, पण चव लागली नाही.

त्याच आठवड्यात तिच्या हातून पंपाचा कागद गेला. पंप घरगुती होता, टाकीतलं पाणी वर गच्चीवर चढवायचा. कागद गेला, छापला, खोक्यांत पडला आणि महाराष्ट्रात पोचला. पुढच्या पंधरवड्यात यशवर्धन सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"पंपवाले भडकलेत. लोक माल परत करतायत. हे ऐका." त्यांनी पंपवाल्यांना आलेल्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं. सांगलीकडचे कुणी गृहस्थ तावातावानं बोलत होते.

"अहो ताई, तुमच्या कागदात लिहिलंय, टाकी खाली असेल तर पंप चालू करू नये. आमची टाकी खालीच आहे. अख्ख्या गल्लीची खालीच आहे. वर असती तर पंप कशाला घेतला असता? चेष्टा लावलीय काय? या आणि घेऊन जा तुमचा पंप!"

सरांनी कागद तीनदा वाचला. "सही तर लिहिलंय. टाकी खाली असेल अन् पंप चालवला, तर मोटर जळणारच ना."

"जळणारच," शलाका म्हणाली. तिलाही चूक दिसेना. घरी डबा खाली होतो, सिलिंडर खाली होतो, टाकी खाली होते. जन्मभर हेच बोलत आलेलो.

सरांनी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. 'आमची टाकी खालीच आहे' हे शब्द आले आणि शलाकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"सर... त्यांच्याकडे खाली म्हणजे नीचे."

"मग आपल्या खालीला काय म्हणतात?"

"रिकामी."

"रिकामी," सर पुटपुटले. बऱ्याच वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडी आला नसावा. मग त्यांनी मान वर केली. "पण तुमचा स्कोर तर टॉपला आहे. मग पाणी मुरतंय कुठं?"

शलाकानं टेबलावरचा कागद आपल्याकडे ओढला.

"पाच वाजता पंपवाले येतायत. सगळा पर्चा नव्यानं तपासून ठेवा. आता एक जरी चूक निघाली तर ते काम काढून घेतील. मग मी तुम्हाला पक्कं कसं करू, सांगा." ते रागावून बोलले नाहीत, याचंच तिला जास्त वाईट वाटलं.

ती जागेवर येऊन बसली. कागद समोर, हात माउसवर. 'काम चालू.' पहिली ओळ वाचली. मग जिलबी आठवली, बाबा आठवले, नवी नोकरी शोधायची म्हणजे पुन्हा तो बायोडेटा. भानावर येऊन बघते तर डोळे अजून पहिल्याच ओळीवर आणि हात आपला माउस घुमवतोय. टीव्हीवर नाव हिरवंगार.

"खड्ड्यात गेला स्कोर," शलाका मोठ्यांदा म्हणाली.

शेजारच्या मितालीनं दचकून वर पाहिलं. तोवर शलाकानं कपाटातला नमुन्याचा पंप पोटाशी धरला होता नि दातांत कागद. लिफ्टनं ती थेट पार्किंगमध्ये उतरली. तिथं बिल्डिंगची पाण्याची टाकी होती, जमिनीत बांधलेली. वॉचमन कृष्णराव ओळखीचे होते, त्यांनी कुरकुरत का होईना झाकण उचललं नि प्लग लावायला बोर्ड दाखवला.

तिनं कागद मोठ्यानं वाचायला घेतला. "टाकी खाली असेल तर..." आणि तिची नजर टाकीत गेली. पायाशी, हातभर खाली, पाणी काळंभोर हलत होतं. हा कागद घेऊन ती आधी एकदा जरी इथं उभी राहिली असती, तरी तो शब्द तिच्या हातून उतरला नसता. तिला रडू आलं, स्वतःचा संतापही आला. खिचडी लावत होते तेच बरोबर होतं, नि मी ते सोडून शहाण्यासारखी बसून राहिले! ओढणीनं नाक पुसून ती पुढच्या ओळीवर गेली.

नळी टाकीत सोडावी. सोडली. बटण चालू करावे. केलं. पंप नुसताच कोकलला, पाण्याचा थेंब नाही. पुढची ओळ होती : पंपाच्या तोंडातून आत पाणी भरावे.

"काय हो कृष्णराव, पाणी आधी भरायचं की बटण आधी?"

"पानी पहले, बाईसाहेब. कोरडा चलाया तो गया काम से."

म्हणजे क्रमच उलटा होता, आणि मूळच्या हिंदीतही तसाच. तिनं बटण बंद केलं, मगानं पाणी भरलं, झाकण आवळलं, पुन्हा बटण दाबलं. पाणी असं काही उसळलं की शलाका नखशिखांत भिजली आणि कृष्णरावांची स्कूटरही धुऊन निघाली.

पंपवाले पाचच्या आधीच आले. यशवर्धन सर त्यांना घेऊन आत शिरले, आणि सगळ्यांची नजर पहिली गेली ती टीव्हीवर. लालभडक अक्षरं : 'शलाका : खाली'. सरांचा चेहरा पडला.

"शलाकाजी कुठं आहेत?" त्यांनी मितालीला विचारलं.

"खाली," मिताली म्हणाली.

"ते दिसतंय मला. कुठं आहेत ते विचारतोय."

"खाली, सर. नीचे. पार्किंगमध्ये."

सर टीव्हीकडे बघतच राहिले. मग पाहुण्यांना घेऊन लिफ्टकडे वळले.

खाली शलाका केस पिळत उभी होती. कुणी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "सर, यात आणखी एक चूक आहे. ती हिंदीतही आहे." आणि तिनं पंप दोन्ही पद्धतींनी चालवून दाखवला. पंपवाल्यांतले वयस्कर होते त्यांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि तिथूनच कारखान्यात फोन लावला : "छपाई रोको. सारी भाषाओं की."

काम राहिलं. महिनाअखेरीला शलाका पक्की झाली. बाबांनी विचारलं, "शेवटी बसायला शिकलीस म्हणायची?" ती म्हणाली, "नाही बाबा, उठायला." त्यांना काही ते कळलं नाही, पण जिलबी पुन्हा आली आणि या खेपेला तिला चवही लागली.

टीव्ही अजून तिथंच आहे, हौसेनं घेतलेला, काढणार कसा? शलाकाच्या नावापुढं रोज लाल अक्षरं येतात आणि आता कुणी मान वर करून बघत नाही. सरांनी तिच्यासाठी पार्किंगमध्ये टाकीजवळ एक टेबल आणि खुर्ची ठेवून दिली. टेबलावर कधी कूलर उघडलेला असतो, कधी मिक्सर. खुर्ची मात्र दिवसभर खालीच असते, इंदूरच्या मराठीतही आणि सांगलीच्या मराठीतही.