घंटेचा पत्ता

वहिनीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते आणि ऑफिसात माझ्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. दादाच्या श्वासाच्या यंत्राचा पिवळा दिवा लुकलुकतोय म्हणाली, नर्सला बोलावून आणू का? दादा माझा सख्खा भाऊ. हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, ऑपरेशनला तीन दिवस झालेले.

"त्याच्याजवळून उठू नकोस," मी म्हटलं. "नर्सच्या टेबलावर घंटा वाजली असणार. ती मीच बसवलीय."

मोठ्या तोऱ्यात म्हटलं. त्या हॉस्पिटलचे चाळीसेक प्रोग्राम आमच्या कंपनीचे, आणि त्यांचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. आज या सर्व्हरवर, उद्या त्या. कोण कुठं आहे ते कळावं म्हणून मी संगणकातच एक नोंदवही बांधली. प्रत्येकानं दर दहा सेकंदांनी तिला सांगायचं, मी इथं आहे. बोलत राहिला तोवर नाव हिरवं; तीनदा गप्प बसला की लाल होऊन कटलं. यंत्र बिघडलं की तिच्यातला पत्ता बघूनच नर्सच्या टेबलावर घंटा वाजायची.

घंटेचा प्रोग्राम मात्र मेला पहिल्यापासून चुकार. पाहणीला पाहुणे आले त्या दिवशी त्याचं नाव सारखं लाल व्हायला लागलं आणि साहेब माझ्या डोक्यावर उभे. वैतागून मी सेटिंगमध्ये एक ओळ टाकली: याचं नाव कधीच काढायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाहुणे गेले की ओळ काढू म्हटलं, आणि विसरले.

वहिनीचा पुन्हा फोन. दिवा लाल झालाय, कुणी फिरकत नाही. मी त्या नर्सना शिव्या घातल्या. घालता घालता आठवलं, आज सकाळीच आम्ही घंटेचा प्रोग्राम नव्या सर्व्हरवर हलवला होता. जुना सर्व्हर बंद. नोंदवहीत मात्र जुनाच पत्ता, हिरवागार, माझ्या कृपेनं; तो निघाल्याशिवाय नवा बसणार नव्हता.

वहिनीला म्हटलं, धाव, कुणालाही ओढून आण. एकीकडे ती ओळ पुसली. तीस सेकंद थांबणं भाग होतं. जुनं नाव लाल झालं, गेलं, नवं आलं.

फोनमधून घंटा ऐकू आली. मग दादाच्या खोलीकडे पळत येणारी पावलं, खूप.

"वहिनी? तू गेली नाहीस?"

"त्याचा हात मघाशीच गार पडला," ती म्हणाली. "तू उठू नकोस म्हणाली होतीस. मी उठले नाही."