झाकणाखालची चार नावं

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. हवं तर तुमच्या शाळेच्या सॅकची लांबची आत्या म्हणा. तुमच्या सॅकमध्ये वह्या असतात, डबा असतो आणि कधीकधी विसरलेलं काळं केळं. माझ्यात चाळीस किलो ओझं असायचं. पाणी, दारूगोळा, रेडिओच्या बॅटऱ्या, मोज्यांचे सहा जोड, आणि तळाशी घडी करून ठेवलेलं घरचं एखादं पत्र. अमेरिकेच्या मरीन पायदळाच्या एका बटालियनमध्ये मी नोकरी केली. बटालियन म्हणजे आठ-नऊशे माणसांचं एक घर. त्या घराचा नंबर मी सांगणार नाही. नंबर सांगितला की तेवढाच लक्षात राहतो, आणि मला तुम्हाला माणसं सांगायची आहेत.

डोंगरातल्या एका गावात, शिलाईच्या कारखान्यात मी जन्मले. चष्मा लावलेल्या एका बाईंनी माझे पट्टे शिवले. जिथे सगळा भार खांद्यावर येतो, तिथे त्यांनी चार वेळा शिलाई मारली. मग पट्टा हातानं ओढून पाहिला आणि पाचव्यांदा मारली. त्यांचं कुणी फौजेत होतं का, मला माहीत नाही. पण वीस वर्षं झाली, ती शिलाई अजून उसवलेली नाही.

मी बटालियनमध्ये आले तेव्हा ती माझ्याहून कितीतरी मोठी होती. तिच्या निशाणाच्या टोकाला रंगीत फिती बांधलेल्या असतात. एकेक फीत म्हणजे एकेक मोहीम. पॅसिफिकमधली बेटं, कोरियातला बर्फ, व्हिएतनामचं जंगल. परेडच्या वेळी वारा सुटला की त्या फडफडतात, आणि काल भरती झालेली पोरंसुद्धा आपसूक ताठ उभी राहतात. पण फितींवर माणसांची नावं नसतात. ती माझ्यासारख्यांकडे असतात.

ते कसं, सांगते. मी सरकारी मालमत्ता. माझ्यावर काही लिहायचं नाही आणि परत करताना घासूनपुसून द्यायची, असा नियम. पण आमच्या बटालियनची एक रीत होती. ज्याच्या पाठीवर सॅक जाईल, त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला काळ्या मार्करनं आपलं नाव लिहायचं. पुढच्यानं ते पुसायचं नाही. त्याखाली स्वतःचं लिहायचं. सामान जमा करून घेणारा सार्जंट भारी कडक होता. एक बक्कल कमी असलं तरी आकांडतांडव करायचा. मात्र झाकण उलटून बघायची वेळ आली की त्याला नेमकी शिंक यायची.

पहिलं नाव क्लेटन हरबिकचं. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतांमधून आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा. अक्षर गोल, एकाच ओळीत नीट बसवलेलं. इराकच्या वाळवंटातल्या एका शहरात, गल्लीच्या तोंडाशी त्याचा साथीदार जखमी होऊन पडला. क्लेटननं मला भिंतीला टेकवून ठेवलं, पट्टे नीट आत खोचले आणि धावला. साथीदाराला त्यानं ओढून आणलं. मग दुसऱ्याला आणायला गेला. मी भिंतीपाशी वाट बघत राहिले.

त्याचं घड्याळ आणि पत्रं त्याच्या आईकडे गेली. मी सरकारी, म्हणून कोठारात गेले.

ज्याला त्यानं ओढून आणलं होतं, तो राऊल मोन्तेस. टेक्सासचा, भलता बडबड्या. बरा होऊन परत आला तेव्हा सार्जंटसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मला नवी सॅक नको. हरबिकची द्या." दुसरं नाव त्याचं. त्यानंच क्लेटनच्या आईला पत्र लिहून कळवलं की तुमच्या मुलाचं अक्षर आमच्याकडे आहे.

तिसरं नाव राऊलच्या तुकडीतल्या डेनिस ओटेरीचं. अफगाणिस्तानात, डाळिंबाच्या बागांमधून तो सगळ्यांच्या पुढे चालायचा, जमिनीत पेरलेले सुरुंग शोधत. त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून मागचे अकरा जण कितीतरी दिवस सुखरूप तळावर परत आले. एके दिवशी अकरा आले, तो आला नाही. ओटेरीला जवळचं असं कुणी नव्हतं. त्याचं सामान कुणाकडे पाठवायचं, हेच बराच काळ ठरेना.

चौथं नाव वाचून तुम्ही हसाल. यश दामले! जन्म नागपूरचा, वाढला कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये. आईवडिलांना वाटत होतं पोरगा चिप डिझाइन करेल. हा एकोणिसाव्या वर्षी मरीन झाला. आई सहा महिने फोनवर फक्त "जेवलास का?" एवढंच विचारायची. यश माझ्यासह अफगाणिस्तानात गेला आणि माझ्यासह परत आला. तोवर माझी चेन गेली होती, तळ विरला होता. सार्जंटनं मला कामातून बाद ठरवलं आणि यशच्या हातात दिलं. "घेऊन जा. पण दर वर्षी टेकडीवर आणायची."

ती टेकडी दक्षिण कॅलिफोर्नियात आहे, बटालियनच्या लष्करी तळाच्या मागे. वर्षातून एकदा बटालियनचे नवे-जुने लोक ती चढतात. प्रत्येकाच्या सॅकमध्ये आपापल्या गावचा एक दगड. वर पोचलं की दगड खाली ठेवायचा, झाकण उघडायचं आणि नावं वाचायची. जो जिवंत आहे तो "हजर" म्हणतो. जो गेला त्याचं नाव तीनदा पुकारतात आणि सगळे उत्तराची वाट बघतात. क्लेटनची आई, लोरेनबाई, दर वर्षी नेब्रास्काहून येतात. हजेरीआधी झाकणाखालच्या पहिल्या ओळीवरून एकदा बोट फिरवतात. दोन हजार किलोमीटर त्या तेवढ्यासाठी येतात.

बाकी वर्षभर मी यशच्या अपार्टमेंटमध्ये, क्लॉझेटच्या, म्हणजे भिंतीतल्या कपाटाच्या कोपऱ्यात असते. यशला आता सॉफ्टवेअरची नोकरी आहे, रेणू नावाची बायको आहे आणि सई नावाची तीन वर्षांची मुलगी. रेणू पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिनं माझ्याबद्दल विचारलं होतं. यश म्हणाला, "जुनी सॅक आहे, राहू दे." टेकडीवर तो एकटाच जायचा. युद्धाबद्दल तो बोलत नसे, आणि त्याला त्रास नको म्हणून ती विचारत नसे. दोघंही चांगले. पण चांगल्या माणसांच्या न बोलण्यातूनसुद्धा घोटाळे होतात.

या वर्षी सईला खोकला झाला. तीन आठवडे झाले तरी जाईना. रेणूची झोप उडाली. तिनं उशा धुतल्या, पडदे धुतले, कापसाची सगळी खेळणी मशीनमध्ये घातली. टेकडीला दोन दिवस होते. यश ऑफिसला गेल्यावर तिनं क्लॉझेट रिकामं केलं, माझं झाकण उघडलं आणि किंचाळलीच. वीस वर्षांच्या घामानं आणि धुळीनं अक्षरं फुटून पसरली होती, माहीत असलेल्यालाच ती वाचता यायची. तिला दिसले नुसते काळे डाग.

तिनं मैत्रिणीला फोन लावून स्पीकरवर टाकला. "दीपा, अगं क्लॉझेटमधल्या सॅकला आतून काळं काळं आलंय. मोल्ड असेल का? बुरशी?"

"ब्लॅक मोल्डच! माझ्या नणंदेकडे त्यापायी अख्खं कार्पेट उचकटावं लागलं. ब्लीच टाक, विचार करत बसू नकोस. आणि आधी सईला बाहेर काढ."

मला टबात गरम पाण्यात बुडवलं. दाराच्या फटीतून सई ओरडली, "ममा, बॅग इज टेकिंग अ बाथ!" रेणूनं नाकाला ओढणी बांधली, ब्रश घेतला आणि मन लावून घासलं. मित्रांनो, मला तिचा राग आला नाही. तिच्या हातात आईचा जोर होता. पण एकेक अक्षर पाण्यात जाताना मला कळत होतं आणि मला तोंड नव्हतं.

संध्याकाळी यश आला तेव्हा मी बाल्कनीच्या कठड्यावर ठिबकत होते. त्यानं झाकण उलटलं. आत पांढराफटक डाग.

"रेणू, इथं काळ्यानं लिहिलेलं होतं."

"लिहिलेलं? ते मोल्ड होतं रे. सईला त्यानंच—"

"ती नावं होती," यश म्हणाला. मग तो खाली बसला आणि पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं. क्लेटन, राऊल, ओटेरी. शेवटी लोरेनबाई आणि त्यांचं बोट.

रेणूनं ओल्या झाकणावरून हात फिरवला. मग म्हणाली, "एका आईसाठी तिच्या मुलाचं एवढंच उरलं होतं, आणि मी ते घासून काढलं."

"तुला माहीत नव्हतं. मी त्यांना सांगतो, सॅक हरवली म्हणून."

"खोटं बोलायचं नाही यश. मी येते. मीच सांगणार."

शनिवारी सकाळी टेकडीच्या पायथ्याशी यशनं मला उचलायला हात पुढे केला, तर रेणू म्हणाली, "मी घेते." दगड आत होता. सईला यशनं कडेवर घेतलं. वाटेत राऊल भेटला, एका गुडघ्यानं लंगडत. त्याला सांगितल्यावर तो थबकला, माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "ब्लीच? वहिनी, शत्रूनंसुद्धा हिचे एवढे हाल केले नव्हते! सार्जंटला मात्र दाखवायला हवी. एवढी स्वच्छ सॅक त्यानं जन्मात पाहिली नसेल." रेणूला हसू आलं नाही. ती न थांबता चढत राहिली.

वर एका खडकावर लोरेनबाई बसल्या होत्या. रेणूनं मला त्यांच्यासमोर ठेवलं.

"मिसेस हरबिक, मी यशची बायको. तुमच्या मुलाचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं. माझी मुलगी खोकत होती, मला ती बुरशी वाटली. न विचारता मी ब्लीच टाकलं."

बाईंनी झाकण उघडलं. बोट बरोबर पहिल्या ओळीच्या जागी गेलं आणि पांढऱ्या कापडावर थांबलं. 

"किती वर्षांची आहे मुलगी?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"गेला खोकला?"

"कालपासून कमी आहे."

बाईंनी सईकडे पाहिलं. "क्लेटन लहानपणी सारखा छातीनं बेजार असायचा. मी त्याची लोकरीची चादर उकळत्या पाण्यात घातली होती. माझ्या सासूनं वर्षभर खपून विणलेली. आकसून रुमालाएवढी झाली!" त्यांचे डोळे भरले होते, तरी त्या हसल्या. "बारा वर्षं ऐकवलं मला तिनं. मी तुला एकदाही ऐकवणार नाही."

हजेरी सुरू झाली. माझ्या झाकणावर वाचायला काही नव्हतं. सार्जंटनं नावं तोंडपाठ पुकारली. "मोन्तेस!" "हजर!" "दामले!" "हजर!" मग, "हरबिक." वारा. "क्लेटन हरबिक." "लान्स कॉर्पोरल क्लेटन हरबिक." तीनशे माणसं उभी होती आणि कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेतला नाही. मग ओटेरी, तीनदा. वीस वर्षांत इतकी मोठी शांतता मी ऐकली नव्हती.

नंतर सार्जंटनं खिशातून मार्कर काढला. लोरेनबाईंनी तो घेतला आणि झाकणावर सावकाश लिहिलं. गोल, एका ओळीत नीट बसवलेलं.

राऊल वाकून बघायला लागला. "अरे, हे तर त्याचंच अक्षर!"

"त्याचं कसलं?" बाई म्हणाल्या. "माझंय ते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हात धरून गिरवून घेतलंय त्याच्याकडून."

राऊलनं आपलं नाव लिहिलं, यशनं आपलं. ओटेरीची जागा तेवढी रिकामी राहिली. लोरेनबाईंनी मार्कर रेणूच्या हातात दिला.

रेणूनं टोपण उघडलं आणि परत लावलं. राऊलकडे वळून म्हणाली, "तो कसा होता? आधी सांगा, मग लिहिते."

राऊल तिथेच खाली बसला आणि सांगू लागला. ओटेरी दुसऱ्यांच्या डब्यातलं पीनट बटर कसं पळवायचा, गाण्याचे शब्द कसे चुकवायचा आणि चुकवून वर भांडायचा कसा, पुढे चालताना मागच्यांना धीर यावा म्हणून मुद्दाम शिट्टी कशी वाजवायचा. रेणूनं सगळं ऐकून घेतलं. मग गुडघे टेकून त्याचं नाव लिहिलं. झाकणाचं कापड खडबडीत, म्हणून एक अक्षर जरा वाकडं आलंय. ते मी तसंच जपणार आहे.

मित्रांनो, आता मी क्लॉझेटमध्ये नसते. दाराजवळच्या खुंटीवर असते, आणि घरी येणाऱ्या कुणी विचारलं तर रेणू स्वतः झाकण उघडून एकेका नावाची गोष्ट सांगते. तुमच्या घरातही कुठेतरी एखादी जुनी वस्तू पडलेली असेल. तिच्यावर डाग असेल, ओरखडा असेल. ती जरूर स्वच्छ करा, मी नाही म्हणत नाही. पण हातात फडकं घेण्याआधी घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न विचारा: हे कुणाचं? आणि उत्तर लांबलचक निघालं, तर फडकं बाजूला ठेवून जरा खाली बसा.