फ्लोटमधलं पेट्रोल

नातीला चर्चमध्ये जायचं होतं ते जुन्या हिरव्या गाडीतूनच. लग्न शनिवारी. बुधवारी व्हर्नाने गाडी सुरू केली, तर सायलेन्सरमधून असा बार उडाला की शेजाऱ्यांचा कुत्रा पायरीखाली जाऊन बसला. बॉनेट उघडलं तर कार्ब्युरेटरवरून पेट्रोल ओघळतंय. तिने घाईघाईने इंजिन बंद केलं.

सत्तावन्न सालच्या गाडीची नस ओळखणारा कॅनडातल्या या डॉफिन गावात एकच माणूस उरला होता, ऑरेस्ट. बावीस वर्षांपूर्वी तिने त्याच्यापासून घटस्फोट घेतला होता आणि गाडी हट्टाने स्वतःकडे ठेवली होती. आता काचबिंदूने त्याची नजर जवळजवळ गेली होती.

"मला दिसत नाही, व्हर्ना," तो फोनवर म्हणाला.

"मला दिसतं ना! तू सांग, मी करते."

"मी सांगितलेलं कधी केलंयस तू?"

पण आला. काठी गाडीला टेकवून त्याने कार्ब्युरेटरभोवती बोट फिरवलं.

"झाकणाच्या सांध्यातून येतंय. आतली पेट्रोलची वाटी उतू जातेय. झाकण काढ, आतला फ्लोट दे."

वाटी भरली की तरंगत वर येऊन पेट्रोल अडवणारा तो पितळेचा पोकळ डबा. ऑरेस्टने कानाशी धरून हलवला.

"खळखळतोय बघ. भोक पडून पेट्रोल पोटात गेलंय, म्हणून बुडून बसलाय. मग अडवणार काय? न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तिथे पेटतं."

व्हर्ना मात्र त्याच्या हातांच्या वासाने कुठल्या कुठे गेली होती. एकसष्ट साली ऑरेस्ट तिच्या वडिलांच्या फाटकापाशी चालत्या गाडीची किल्ली मुद्दाम बंद-चालू करून बार काढायचा. ती खूण ऐकली की ती कोट चढवायची. वडील बिचारे, बदकांवर कोण गोळ्या झाडतंय म्हणून परसात धावायचे.

"झोपलीस का? गरम पाणी आण."

तिने अंगणात पातेलं आणलं. फ्लोट बुडवला तशी शिवणीतून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. तिने तिथे पेन्सिलीने खूण केली आणि भोक कथलाने बुजवायला डाग देण्याची कैया आणायला निघाली.

"अगं ए! आत पेट्रोल आहे, आच लावशील तर उडेल. सगळं काढून टाक, वास जाईपर्यंत वाळू दे. उद्या बघू."

"मग आता जेवून जा. बटाट्याचं सारण भरून पेरोगी केल्यात."

तो घुटमळला. "कांदा परतलेला आहे?"

"आहे."

गुरुवारी तिने डाग दिला, त्याने बोटाने चाचपून दोनदा पुन्हा करायला लावला. शुक्रवारी गाडी सुरू झाली ती मांजरासारखी घुरघुरत. तलावाच्या रस्त्यावर तिने मध्येच थांबून बॉनेट उघडलं. सगळं कोरडं होतं.

"नाही गळत. वळवू घरी?"

"इतक्यात?" ऑरेस्टने काच खाली केली. बाहेर मोहरीची शेतं फुलली होती. त्याने तोंड तिकडे केलं. "अजून थोडं जाऊ या."

ती पार तलावापर्यंत गेली. शनिवारी नात मागच्या सीटवर बसली, आणि पुढे व्हर्नाच्या शेजारी, न विचारता, ऑरेस्ट.