मोहाखालची जागा

गुणवंतरावांनी खराटा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळीनं आवळला आणि सुगंधाबाईच्या पिशवीला बांधून टाकला. गावात काय खराट्यांचा दुष्काळ पडलाय का, असं ती म्हणाली. पण त्यांनी बायकोचं ऐकलं नाही. पहिली बस चुकली तर उन्हात होरपळशील, दोन दिवस निवांत राहून ये, असं म्हणत तिला जवळजवळ ढकलतच जिन्यापर्यंत नेलं.

तिचा पाय निघत नव्हता. आज त्यांचा मशीनचा दिवस होता. किडन्यांनी हात टेकल्यापासून एक दिवसाआड त्यांना डायलिसिसला जावं लागे. मशीन चंद्रपूरला, म्हणून खोलीही चंद्रपूरला. नाहीतर सिंदेवाहीपलीकडचं आपलं गाव सोडून या कोळशाच्या धुळीत यायला दोघांपैकी कुणाचंच डोकं फिरलं नव्हतं. धानाच्या बांध्यांत जन्म गेलेली, भात खाणाऱ्या मुलखातली सुगंधाबाई आता एका होस्टेलात शेकड्यानं पोळ्या लाटत होती. तिनं तक्रार म्हणून कधी केली नाही. मात्र उन्हाळा लागला की ती पाणी प्यायला दाराआड जायची. नवऱ्याला घोट घोट पाणी मोजून मिळतं, त्याच्यासमोर घटाघटा कसं प्यायचं? दाराआडून पेला खाली ठेवल्याचा आवाज आला की गुणवंतरावांना वाटायचं, हिचं गाव तर आपण सोडवलंच, आता पाणीही सुखानं पिऊ देत नाही.

जिन्यात ती पुन्हा थांबली.

“मी नसली तं तुमी जासान नं दवाखान्यात?”

“जातो नं. मी का लहान लेकरू हावो?”

“झाडाचं पुढच्या वर्षी पाहू.”

“एक साल कचरा राह्यला का झाड गेलं. जाय तू.”

हे तिलाही ठाऊक होतं. मोहाची झाडं जंगलाची. पण झाडाखालची जागा जो झाडून ठेवील, तिथं गळणारं फूल त्याचं, असा गावचा रिवाज. एखाद्या वर्षी पालापाचोळा तसाच पडून राहिला तर दुसऱ्यानं खुशाल खराटा फिरवावा, त्यावर कुणी भांडायचं नाही. गावातलं घर केव्हाच बसलं होतं, बांध्या पुतण्या वाहत होता. आपलं म्हणून परत जावं असं गुणवंतरावांच्या वडिलांच्या वेळचं हे एक झाड तेवढं उरलं होतं.

ती गेल्यावर ते खोलीत आले. दवाखान्याची पिशवी तिनं भरून दाराशी ठेवली होती. त्यांनी चपला काढल्या, पिशवीकडे पाठ केली आणि खाटेवर बसून राहिले. मनाशी सगळं ठरलं होतं. आपण आहोत तोवर ही इथं अडकलेली. दोनचार खेपा चुकल्या की आपण सुटू, मग तीही सुटेल आणि गावाला जाईल. तेव्हा झाड तिचं असलं पाहिजे, एवढ्यासाठी तो खराटा. बायकोला फसवून बाहेर काढलं याची त्यांना लाज वाटत होती, पण ते जागचे हलले नाहीत.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा फोन वाजला. गावातली शेजारीण सोमारी बोलत होती.

“भाऊ, राग नोका मानू. बाईनं झाड मले देल्लं. तुमाले इचारलं हाये म्हणते. खरं नं?”

गुणवंतराव खाटेवरून उठले. झाड त्यांच्या घराण्याचं. त्यांच्या तोंडून हो ऐकल्याशिवाय सोमारी त्याला हात लावणार नव्हती.

“काय म्हणली ते?”

“म्हणली, फूल येचाले महिनाभर इथी राहा लागते. तितके दिस त्यायले मशीनवर कोण नेईन? लय रडली, भाऊ. मंग सोताच सारी जागा झाडून देल्ली. आता बस पकडाले गेली. घडीघडी एकच, आज त्यायचा मशीनचा दिवस हाये.”

फोन कानाशी तसाच धरून त्यांनी दाराजवळच्या पिशवीकडे पाहिलं.

“इचारलं होतं तिनं मले,” ते म्हणाले. “झाड तुयं.”

मग त्यांनी चपला घातल्या. सुजलेले पाय टाकत, भिंत धरून जिना उतरले आणि ऑटो थांबवला. दवाखान्यात त्यांची पाळी केव्हाच निघून गेली होती. नर्स चांगलीच तापली. हा काय पोरखेळ वाटला का, म्हणाली. त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. दुपारच्या पाळीत एक जण आला नव्हता, त्याच्या जागी त्यांना घेतलं.

दिवेलागणीला सुगंधाबाई दारात उभी राहिली. तिनं आधी त्यांच्या हातावरची पट्टी पाहिली, मग पिशवी खाली ठेवली. टाचांना गावची माती होती. पदराची गाठ सोडून तिनं मोहाची मूठभर फुलं त्यांच्या पुढ्यात ठेवली, आणि खोलीभर वास पसरला.

“झाडलं?” त्यांनी विचारलं.

“झाडलं. बुडाशी सारं लख्ख केलं.”

“अन् खराटा?”

“तिथंच ठेवला. पुढच्या वर्षी लागन नं.”

“लागन,” गुणवंतराव म्हणाले.

तिनं माठातून पेला भरला आणि सवयीनं दाराकडे वळली.

“इथीच पे,” ते म्हणाले.

ती थबकली. मग खाटेजवळ जमिनीवर बसली आणि त्यांच्याकडे न बघता, पेला रिकामा होईस्तोवर सावकाश पाणी प्याली.