यादीतला अडतिसावा ड्रायव्हर

यादीत सत्तेचाळीस ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हणजे एखाद्या यंत्राशी कसं बोलायचं ते कॉम्प्युटरला सांगणारा कोड. हे सत्तेचाळीस आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नेलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, बसलेले होते. सगळ्यांच्या मिळून ओळी एक लाख अठरा हजार सहाशे चाळीस. एकतीस ड्रायव्हर अशा यंत्रांचे, जी गेल्या वीस वर्षांत कुणी बनवली नव्हती. अकरांमध्ये शेवटचा बदल फक्त शुद्धलेखनाचा होता. उरलेल्या पाचांपुढे मी पेन्सिलीने प्रश्नचिन्हं काढली होती.

हे सगळे काढून टाकायचं काम आमच्या तिघांच्या गटाकडे होतं. गटाच्या प्रमुखांना सगळे झाडू म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांनी पद्धत ठरवून दिली होती. आधी ड्रायव्हरवर 'कालबाह्य' अशी खूण करायची. मग मशीन सुरू होताना तो वापरणाऱ्याच्या पडद्यावर एक ओळ उमटते: हा ड्रायव्हर काढला जाणार आहे, वापरत असाल तर कळवा. खाली आमचा पत्ता. सिस्टिमच्या तीन आवृत्त्या वाट बघायची, म्हणजे तीस आठवडे. कुणी बोललं नाही, तर काढायचा.

तीस आठवड्यांत तीन पत्रं आली. एक संग्रहालयाच्या व्यवस्थापकाचं, त्यांचं एक जुनं यंत्र अजून चालू होतं. एकाने नुसते आभार मानले होते, कशाबद्दल ते लिहिलं नव्हतं. तिसऱ्याने आम्हाला प्रिंटरची शाई बदलायला बोलावलं होतं. अडतिसाव्या क्रमांकाच्या ड्रायव्हरबद्दल एकही नाही. तो अकरांपैकी होता, दोन हजार तीनशे सोळा ओळींचा. गुरुवारी बाकीच्यांबरोबर जाणार होता.

त्याआधीच्या रविवारी मी मावशीकडे गेले. मावशी बुटांच्या आत बसवायचे तळवे बनवते. ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, अशा मधुमेहाच्या रुग्णांसाठी. तिच्या वर्कशॉपमध्ये कॉर्कचे तक्ते, घासायचं चाक, सरसाचा डबा आणि फळीवर प्लास्टरची पावलं असतात, प्रत्येकाच्या टाचेवर नंबर. मधोमध पायपुसण्याएवढी एक प्लेट. तिच्यात एक हजार चोवीस सेन्सर आहेत, बत्तीस गुणिले बत्तीस. माणूस अनवाणी उभा राहिला की तळपायाच्या कुठल्या जागेवर किती दाब पडतो, ते पडद्यावर रंगांत दिसतं.

दर दोन-तीन महिन्यांनी तिच्या कॉम्प्युटरमधली कॉर्कची धूळ मी काढते. त्या दिवशी झाकण उघडलं, ब्रश फिरवला, आणि प्लेटची वायर ज्या कार्डात जाते त्याच्या चिपवरचा नंबर पहिल्यांदाच नीट वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. अडतिसावा ड्रायव्हर याच चिपचा होता.

"मावशी, मशीन सुरू करताना तुला पडद्यावर काही ओळी दिसतात का?"

"कसल्या ओळी?"

"काळ्यावर पांढऱ्या."

"त्या तूच बंद केल्यास ना," मावशी कॉर्क घासता घासता म्हणाली. "चार वर्षं झाली. पेशंट म्हणायचे, बाई, मशीन बिघडलंय वाटतं, आम्ही उद्या येतो. तू काहीतरी टाइप केलंस आणि सगळं गप झालं. तेव्हापासून कसं छान निळं फूल येतं."

खरं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. एकच शब्द टाकला होता आणि दुपारभर मिरवले होते.

सिस्टिमची नोंद उघडली. आमची सूचना तिथे होती, एकशे त्रेसष्ट वेळा. एकशे त्रेसष्ट सकाळी आम्ही मावशीला कळवलं होतं आणि एकशे त्रेसष्ट सकाळी तिने निळं फूल पाहिलं होतं.

मी तिला सगळं सांगितलं. तिने चाक बंद केलं.

"म्हणजे प्लेट बंद पडणार."

"पुढचं अपडेट आलं की."

"मग अपडेट नको."

"हॉस्पिटल तुला रुग्णांचे कागद पाठवणार नाही मग. त्यांची अटच आहे, मशीन अद्ययावत पाहिजे."

"आणि ही अट घालणारे आणि माझं यंत्र काढणारे एकमेकांशी बोलतात?"

"नाही."

"छान," मावशी म्हणाली.

प्लेट बनवणारी कंपनी केव्हाच बंद झाली होती आणि नवी प्लेट तिच्या आवाक्याबाहेरची होती. तिने फळीवरून एक प्लास्टरचं पाऊल उतरवलं. तिच्याकडे येणाऱ्या एका पोस्टमनचं, उजवं. प्लेट यायच्या आधी ती शाईचे ठसे घ्यायची. ठशात पाय कुठे टेकतो ते कळतं, किती जोरात टेकतो ते कळत नाही. शाईवरून बनवलेल्या तळव्यावर पोस्टमन वर्षभर चालला आणि अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली. ती भरायला पाच महिने लागले. एकदा तर बुटात शर्टाचं बटण पडलेलं असताना तो दोन दिवस टपाल वाटत होता. त्याला काही कळलंच नव्हतं.

"त्याचे तळवे बदलायला आलेत," मावशी म्हणाली. "मी परत शाई काढणार नाही. त्यापेक्षा दुकान बंद करीन."

सोमवारी सकाळी मी झाडूंच्या टेबलापाशी उभी राहिले.

"अडतिसावा वापरात आहे."

"किती लोक?"

"एक. माझी मावशी."

ते हसले नाहीत. "ती आधी का बोलली नाही?"

मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तू स्वतः बंद केलंस."

"हो. आणि आणखी एक. मी काल बघितलं. हल्ली तयार मिळणाऱ्या बहुतेक मशीनवर त्या ओळी पहिल्यापासूनच लपवलेल्या असतात. संग्रहालय सोडलं तर या ड्रायव्हरबद्दल कुणी बोललं नाही, असं आपण म्हणतो. पण किती जणांना ऐकू गेलं, ते आपण मोजलेलंच नाही."

त्यांनी यादी पुढे ओढली. "तुला काय वाटतं, काय करावं?"

"अडतिसावा ठेवावा. मी त्याला नाव लावते."

आमच्याकडे तशी रीत आहे. एखाद्याने ड्रायव्हरला स्वतःचं नाव लावलं तर तो राहतो, पण मग प्रत्येक आवृत्ती त्याने खऱ्या यंत्रावर तपासायची.

"दर दहा आठवड्यांनी मावशीकडे जाशील? नोकरी बदललीस तरी? गाव बदललंस तरी? गाभ्यात कुणी काही हलवलं की हा मोडणार, आणि मोडला तर नुसती प्लेट नाही, अख्खं मशीन गोठणार. पेशंट वर उभा असताना." त्यांनी यादी माझ्याकडे सरकवली. "मी असं सहा वेळा हो म्हटलं होतं, तुझ्याएवढा असताना. ते सहाही यात आहेत. बघ, नावं माझीच आहेत."

बघितलं. होती.

"मग मावशीने काय करायचं?"

"ते विचार ना. ही प्लेट करते काय?"

"आकडे पाठवते. सेकंदाला वीस वेळा."

"बस? मग तिला गाभ्यात कशाला बसायला हवं? बाहेर एक साधा प्रोग्रॅम लिही. तो चुकला तर तोच पडेल, मशीन चालू राहील. ड्रायव्हर गुरुवारी जाईल. पण तो नसलेली आवृत्ती बाहेर पडायला दहा आठवडे आहेत. ते तुझे. नाही जमलं तर मला नवव्या आठवड्यात सांग, मी तो परत आणीन. नाव माझं लागेल."

गुरुवारी ड्रायव्हर मीच काढला. कारणाच्या जागी खरं ते लिहिलं: एक वापरकर्ती आहे, तिची सोय बाहेर करत आहोत. यादीतही एक नवा रकाना वाढवला, 'सूचना दिसते का?' संग्रहालयाचा ड्रायव्हर आणि ज्यांच्यापुढे हा रकाना भरता येईना असे आणखी चौदा झाडूंनी पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबवले.

मग काढलेल्या दोन हजार तीनशे सोळा ओळी वाचायला घेतल्या. त्या कार्डाला आठ प्रकारची यंत्रं जोडता येत होती आणि बहुतेक ओळी बाकीच्या सात प्रकारांच्या होत्या. प्लेटला लागत होत्या तीन आज्ञा: जागी हो, वाच, थांब. माझा प्रोग्रॅम दोनशे एकेचाळीस ओळींचा झाला.

तिसऱ्या आठवड्यात मी तो एका वेगळ्या डिस्कवर, ड्रायव्हर नसलेल्या सिस्टिममध्ये घालून घेऊन गेले. मावशी स्वतः प्लेटवर उभी राहिली. पडद्यावर रंग उमटले आणि मी श्वास सोडला.

"शास्त्रज्ञीणबाई," मावशी म्हणाली, "माझी टाच बोटांच्या जागी गेली आहे."

सेन्सरच्या बत्तीस रांगा प्लेट खालून वर पाठवते, हे जुन्या ड्रायव्हरमध्ये एका कोपऱ्यात होतं आणि मी ते अनावश्यक म्हणून गाळलं होतं. पेशंटच्या टाचेखाली मऊ कॉर्क आणि जखमेखाली कडक, असा तळवा यातून सहज बनला असता.

"बरं झालं मी उभी होते," मावशी म्हणाली. "पोस्टमन असता तर म्हणाला असता, माझं पाकीट उलट्या पत्त्यावर गेलं."

पाचव्या आठवड्यात पोस्टमन आला. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की वेळ लागेल. दोन डिस्क होत्या, एकीवर जुना ड्रायव्हर, दुसरीवर नवा प्रोग्रॅम. एकाच सकाळी, तोच पाय, प्लेटवर खडूने आखलेल्या त्याच रेघांत, प्रत्येक डिस्कवर दहा वेळा.

"दहा वेळा?" तो मोजे काढत म्हणाला. "एकदा उभं राहून माझा पाय बदलतो का?"

"बदलतो, थोडा. तो थोडा म्हणजे किती, ते कळलं पाहिजे. नाहीतर यंत्र बदललं की तुम्ही, ते कसं सांगणार?"

"हिला तुम्हीच वाढवलंय का?" त्याने मावशीला विचारलं.

"नाही हो. माझ्याकडे वाढली असती तर जेवताना घास मोजले नसते."

तो उभा राहिला, उतरला, पुन्हा उभा राहिला. मधेच त्याने बसायला मागितलं. मावशीने त्याच्या तळपायावरून अंगठा फिरवला, जुन्या जखमेच्या जागी थांबली आणि मान हलवली. मी डिस्क बदलली. पुढच्या दहा वेळाही तो त्याच रेघांत उभा राहिला. कोपऱ्यात तिने शाईची जुनी बाटली आणून ठेवली होती, ती मला तेव्हा दिसली.

मी आकडे कागदावर उतरवून तिच्याकडे दिले.

उजवा पाय, अंगठ्याच्या मुळाशी, कमाल दाब. जुना ड्रायव्हर: दहा मोजण्यांची सरासरी ३१२ किलोपास्कल, कमीत कमी ३०७, जास्तीत जास्त ३१८. नवा प्रोग्रॅम: सरासरी ३११, कमीत कमी ३०६, जास्तीत जास्त ३१७.

दोन डिस्कमधला फरक एकाचा होता आणि पोस्टमनच्या नुसत्या उभं राहण्यातला अकराचा; मावशीने कागद वाचला आणि शाईची बाटली परत आत नेऊन ठेवली.